बारा वर्षांची वहिवाट आणि मोटारसायकल

मावळात जमिनीचे इतके व्यवहार झाले आहेत की टपरीवर चहा पिणारा गडीही सातबारा, फेरफार आणि वहिवाट यांवर वकिलाची शिकवणी घेऊ शकतो. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली की कामशेत काय, लोणावळा काय, निकाल जागेवरच लागतो: ‘बारा वर्षं कुणी विचारलं नाही ना? मग ज्याच्याकडं आहे त्याची!’ पण बारा वर्षांचा नियम जमिनीचा, आणि तिथंही ताबा उघड, मालकाच्या नाकावर टिच्चून असावा लागतो. चोराचा धंदाच लपवण्याचा. तो नंबरप्लेट बदलतो, चासी नंबर कानशीने घासतो आणि गाडी परजिल्ह्यात खपवतो. म्हणूनच १९६३च्या मुदत कायद्याने चोरीच्या मालावर दावा लावायला तीन वर्षं दिली, पण ती मोजायची माल कुणाच्या ताब्यात आहे हे मालकाला कळल्यापासून.

‘पण ज्यानं रोख पैसे मोजले, त्या बिचाऱ्याचं काय?’ कळवळा रास्त आहे. मात्र ‘कागद पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्याकडून निम्म्या किमतीत गाडी घेणारा कितपत भाबडा असतो, हेही पाहावं. चोराकडे मालकीच नव्हती, तर तो विकणार काय? खरेदीदाराने पैसे त्याच्याकडून वसूल करावेत, सापडला तर. मूळ मालकानेही लगेच पेढे वाटू नयेत. त्याने चोरीच्या विम्याची पूर्ण भरपाई घेतली असेल, तर गाडीवरचा हक्क विमा कंपनीकडे गेला. पैसेही आपले आणि गाडीही आपली, हे जावयालासुद्धा जमत नाही.

हक्क ठरला तरी मालक शोधणं उरतंच. मावळातल्याच परंदवाडीची गंगामाता वाहन शोध संस्था चासी आणि इंजिन नंबरावरून पोलीस ठाण्यांतल्या बेवारस गाड्यांचे मालक हुडकते. सर्वोच्च न्यायालयाने तर सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलं, की गाड्या ठाण्यात सडवू नका. मालकाला द्या, विमा कंपनीला द्या, नाहीतर लिलाव करा. पण लोणावळ्याचा पाऊस न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत नाही. दोन पावसाळ्यांत सीटमधून गवत उगवतं आणि टाकीला आरपार भोकं पडतात. मग आरसी बुक, ओळखपत्र, हमीपत्र आणि न्यायालयाचा आदेश घेऊन मालक ठाण्यात येतो, तेव्हा गाडीची पंधरा वर्षांची नोंदणीही संपलेली असते. गाडी निर्विवाद त्याचीच, आणि ती घरी न्यायला टेम्पोही त्यानेच करायचा.