फिल्टरभाऊ

देऊळगाव राजात, कंपन्यांसाठी शेतकऱ्यांकडून बियाणं पिकवून घेणाऱ्या ऑर्गनायझरच्या ऑफिसात शेतकरी दारात चपला काढता काढताच विचारतो, "माह्या लॉटचं काय झालं?" मालक उत्तर देत नाहीत. मान न वळवता नुसतं म्हणतात, "भाऊ, बघा बरं." मग कोपऱ्यात, कॅलेंडरवरच्या बालाजीच्या बरोबर खाली बसलेले एक गृहस्थ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात. हेच फिल्टरभाऊ. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे; पण पगारपत्रक त्यांच्याच कॉम्प्युटरात असल्यामुळे ते इतर कोणाला सापडत नाही.

या भागात शेडनेटं पुष्कळ. जालन्याच्या बियाणे कंपन्या जवळ, म्हणून मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट घरोघरी. वाणाचं नाव कंपनी सांगत नाही, नुसता कोड नंबर देते. बाया एकेका फुलाचं क्रॉसिंग करतात, बी निघतं, जर्मिनेशनचा रिझल्ट लागतो आणि मग पेमेंट. तोवर शेतकऱ्याचा जीव टांगणीला आणि त्याचं नाव भाऊंच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये. शेतकरी, गाव, पीक, कोड, वजन, उचल, रिझल्ट, बाकी असे ते रकाने. भाऊंच्या लेखी माणूस म्हणजे एक आडवी ओळ.

मागे हाताखाली एक पोरगा ठेवला होता. मालकांनी त्याला गावातले प्लॉटवाले काढायला सांगितलं. त्यानं 'देऊळगाव' टाकून फिल्टर मारला, तर देऊळगाव मही, देऊळगाव घुबे, देऊळगाव साकर्शा, देऊळगाव कोळ अशी अर्ध्या जिल्ह्याची देवळं स्क्रीनवर गोळा झाली. मग हुशारी करून 'राजा' टाकलं. सिंदखेड राजा आलं, मेहुणा राजा आलं, आणि एक राजारामही आले, कारण शोध गावाच्या रकान्यात न घेता सगळ्याच रकान्यांत घेतला होता. भाऊ शांतपणे म्हणाले, "एका गावात जिजाऊंचा जन्म, दुसऱ्यात चोखोबांचा. दोन्ही गावांना नमस्कार. पण यादी आपल्या गावची मागितलीय." पोरगा नंतर मोबाइलच्या दुकानात लागला.

भाऊ घडले फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या काळात. मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली फॉक्सप्रोची कंपनीच विकत घेतली, त्याच वर्षी स्वतःचं अ‍ॅक्सेसही बाजारात आणलं, आणि २००७ मध्ये सांगून टाकलं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही. भाऊ तोवर अ‍ॅक्सेसवर आले होते, पण मन मागेच राहिलं. फॉक्सप्रोत डिलीट म्हटलं तरी रेकॉर्ड जात नसे, त्यावर नुसती खूण पडे. पॅक म्हणेपर्यंत ते तिथंच असे आणि रिकॉल म्हटलं की पुन्हा जिवंत होई. भाऊंचा संसार याच नियमानं चालतो. धाकट्या साल्याशी वाकडं आलं, तेव्हा वहिनींना त्यांनी सांगितलं, "मी त्याला डिलीट केलंय, पॅक नाही केलं." मुलीच्या लग्नात आहेराच्या यादीसाठी त्याला रिकॉल केलं, ही गोष्ट वेगळी.

त्यांचं खरं भांडण मात्र मालकांच्या मराठीशी आहे. मालक म्हणतात, "मिरचीवाले आणि टोमॅटोवाले काढा." भाऊ दोन्ही अटी 'अँड'नं जोडतात. स्क्रीन कोरी.

"एकही नाही?"

"एकाच ओळीत पीक मिरचीही आणि टोमॅटोही, असा शेतकरी आपल्याकडं नाही. तुम्हाला 'किंवा' म्हणायचंय."

"किंवा कसं? मला दोन्ही पाहिजेत!"

"दोन्ही पाहिजेत म्हणूनच किंवा."

हा संवाद दर हंगामात होतो. भाऊंना पहिल्या वाक्यातच 'ऑर' लावता आलं असतं. पण मग मालकांना शिक्षण कसं मिळणार?

'बाहेरगावचे सगळे काढा' म्हटलं तरी तेच. गाव 'देऊळगाव राजा नाही' अशी अट घातली की ज्यांचा गावाचा रकाना रिकामा, कॉम्प्युटरच्या भाषेत 'नल', आहे, ते या यादीतही येत नाहीत आणि त्या यादीतही नाहीत. "भाऊ, माहं नाव काहून निंघत नाही?" असं विचारत समोर धडधडीत उभा असलेला माणूस भाऊंनी चष्म्यावरून न्याहाळला आणि सांगितलं, "तुम्ही ना गावात, ना गावाबाहेर. तुम्ही नल आहात." तो बिचारा घरी जाऊन नळाची पट्टी भरली का ते बघून आला.

एकाच नावाचे दोघे निघाले तर जन्मतारखेनं वेगळे करावेत, असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला आपले गुरुजी ठाऊक नसावेत. शाळा जूनमध्ये, म्हणून पोराचा जन्मही एक जूनचा, हा त्यांचा हिशेब. भाऊंनी एकदा एक जूनचा फिल्टर लावला तर एक अख्खी पिढी खाली उतरली. तेव्हापासून ते खरा फिल्टर तोंडानं लावतात. "गणेश कोणता? विहिरीवरून भावाशी भांडला तो, की ज्याचं शेडनेट वादळात उडालं तो?" उत्तर आलं की बरोबर ओळीवर बोट. हे दोन रकाने अ‍ॅक्सेसमध्ये नाहीत, म्हणून भाऊंची नोकरी पक्की आहे.

परवा आश्विनात बालाजीची यात्रा होती. भाऊ रजा टाकून यात्रेतला लाटा मंडप पाहायला गेले. इकडे मालकांनी हौसेनं फाइल उघडली, तर शेकडो शेतकऱ्यांच्या जागी अकरा नावं. "डाटा उडाला!" अशी आरोळी गेली. बाकावर बसलेली शेतकरी मंडळी धावून आली आणि खुर्चीमागं उभी राहिली. मालकांनी फोन लावला. पलीकडून टाळ, गर्दी आणि भाऊ.

"काही उडालं नाही," भाऊ ओरडले. "फिल्टर तसाच राहिलाय. खाली नरसाळ्याचं चित्र दिसतंय? त्यावर दाबा."

"कसला फिल्टर?"

"तुम्हीच लावायला सांगितला होता. रिझल्ट पास, पेमेंट अडवलेलं."

फोन स्पीकरवर होता. मालकांचा हात घाईघाईनं माउसकडं गेला, तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं तो हलकेच धरला.

"राहू द्या मालक. चौथं नाव माहं हाय."