बंगालच्या उपसागराचे नातेवाईक

कोकणातल्या माणसाला "चला, तुम्हाला बीच दाखवतो" असं म्हणणं म्हणजे पुणेकराला सल्ला देण्यासारखं आहे. तो ऐकून घेतो, पण चेहऱ्यावर क्षमाभाव असतो. आमच्या मोठ्या सरांनी हे वाक्य भर ऑफिसात उच्चारलं तेव्हा मी तसाच हसलो. माझं घर गुहागरचं. आणि बीच दाखवणार कुठे, तर पवनीला. भंडारा जिल्ह्यात. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सातशे किलोमीटर.

2024 च्या शिक्षकभरतीत पवित्र पोर्टलने राज्यभरातल्या गुरुजनांची पिसणी केली, त्यात मी तुमसर तालुक्यातल्या एका शाळेत येऊन पडलो. माझ्यासारखेच नांदेडचे सर आणि सोलापूरच्या मॅडम. आम्ही तिघं परमुलखातले. स्थानिक फक्त मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, राहणार पवनी. आमचे उतरलेले चेहरे बघून त्यांनीच हा बेत काढला होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं, मुक्काम त्यांच्या घरी, रविवारी वैनगंगेची रेती.

दोन शिक्षक एकत्र आले की बैठक होते, तिसरा आला की समिती. आमची सहल समिती चौघांचीच होती, तरी तिच्या सूचनेवर चौघांच्या सह्या झाल्या. मॅडमनी वर्गणीची वही घातली. नांदेडच्या सरांनी भंडाऱ्याहून पोपट आणि नारळाच्या झाडांची बर्म्युडा आणली. शर्ट मात्र नेहमीचाच, इन केलेला, खिशाला दोन पेनं. लाल एक, निळं एक. सुटीत लाल पेन कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या, लागतंय."

भंडारा, पहेला, अड्याळ असं करत लालपरी निघाली. मोठे सर दर थांब्याला आम्हाला मोजत होते. पवनी जवळ आली तशी बसमधली माणसं एकेक करून शिंकू लागली. हा मिरचीचा मुलूख. शेजारच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हंगामात इथल्या सातऱ्यांवर बायांच्या रांगा बसून मिरचीचे देठ खुडत असतात. आमच्याकडे समुद्र जवळ आला की खारा वारा लागतो, इथे तिखट लागला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोलापूरच्या शेंगाचटणीवर वाढलेल्या बाईला मिरचीने रडवलं, हे गावी कळवू नये असं त्यांनी आम्हाला बजावलं.

सरांनी आम्हाला थेट नदीवर नेलं नाही. पवनीचा माणूस पाहुण्याला आधी इतिहास वाढतो, मग चहा. जगन्नाथ टेकडीवर उभं करून त्यांनी तास घेतला. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे खणलं, तेव्हा मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या शाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवरही देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही आणि नाव वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या समितीने ही अडचण ओळखून दगड निवडला होता. मॅडमनी वर्गणीची वही आदराने छातीशी धरली.

मग पंचमुखी गणपती. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. आंतरजिल्हा बदलीसाठी याच्याइतका सोयीचा देव नाही, कारण पाच तोंडांपैकी एखादं तरी आपल्या जिल्ह्याकडे वळलेलं असणारच. आम्ही तिघं तीन बाजूंना हात जोडून उभे राहिलो. "सोलापूरकडं कोणतं जी?" मॅडमनी हळूच विचारलं. पवनीत पाय ठेवल्यापासून त्यांच्या बोलण्यातही 'जी' आलं होतं. मोठे सर ऐकून न ऐकल्यासारखं करत घंटा वाजवत राहिले. त्यांच्या शाळेतली तीन माणसं एकाच देवापुढे त्यांची शाळा ओस पाडायला निघाली होती.

संध्याकाळी वैजेश्वर घाट. मॅडमना पाण्यात बुडणाऱ्या सूर्यासोबत फोटो हवा होता. पण पवनी नदीच्या पश्चिम काठावर वसलेली. पाणी पूर्वेला, सूर्य गावामागे, घरांच्या छपरांवरून खाली उतरलेला. "सर, हा किनारा उलटा आहे," मी म्हणालो. "इथे सूर्यास्त बघायचा तर पहाटे यावं लागेल." मोठे सर शांतपणे म्हणाले, "तुमचा किनारा उलटा असंन."

आणि रेती? ती पाण्याखाली. खाली गोसीखुर्दचं धरण झालं तसं पाणी इथवर तुंबलं. "आधी इथं डांगराच्या वाड्या असत," सर म्हणाले. "उन्हाळ्यात नदीतून डांगरं खात खात पलीकडं जायचं." आता त्या वाटेवरून डोंगे चालत होते. नदीकाठची कितीएक गावं या पाण्यासाठी उठली. त्यांची गोष्ट सर सांगू लागले आणि मधेच थांबून म्हणाले, "चला, जेवण थंड होते."

रात्री पाटवडी रस्सा आणि झिंगे होते. झिंग्यांना मी मनातल्या मनात 'कोळंबीची बालवाडीतली भावंडं' म्हटलं. पहिल्या घासाला नाकातून पाणी, दुसऱ्याला कानातून वाफ, आणि तिसऱ्याला मी आणखी वाढून घेतलं.

रविवारी धरणाच्या खालच्या अंगाला अखेर रेती सापडली. स्वच्छ, पिवळी, पायाला गार. नांदेडच्या सरांनी बर्म्युडाचं उद्घाटन केलं. मॅडम मोबाइलने नदीचे फोटो काढू लागल्या. मी पायाने रेषा ओढत होतो. इतक्यात वळणावर एक रिकामा ट्रॅक्टर आला, आम्हाला पाहून थबकला. ड्रायव्हरने खाली न उतरताच हात जोडले.

"तहसीलचे होय का जी?"

नदीच्या रेतीवर स्वच्छ कपड्यांतली माणसं फोटो काढत, रेषा मारत उभी आहेत, तर ती मजा करायला आली असतील हा विचार इकडे कोणाच्या मनात येत नाही. रेती ब्रासने मोजायची असते, तिचा लिलाव होतो, आणि लिलावाबाहेरची रात्री जाते. आम्ही मास्तर आहोत असं मी सांगितलं. त्याने नांदेडच्या सरांच्या गुडघ्यावरचे पोपट पाहिले, विश्वास ठेवायला आला. मग खिशातलं लाल पेन पाहिलं.

"मी नाई जी, साहेब. रेती त थो नेऊन रायला," असं म्हणून त्याने कुठेतरी पलीकडे बोट दाखवलं आणि ट्रॅक्टर आल्या वाटेने गेला. जाताना त्याने आणखी दोघांना फोन केला असावा. दुपारपर्यंत त्या काठावर चाक फिरकलं नाही. राज्यातल्या कुठल्याच बीचवर इतका खासगी एकांत मिळत नसेल.

"म्हटलं होतं ना," नांदेडचे सर पेनाची टोपी चाचपत म्हणाले, "लागतंय."

परतताना धरणावर थांबलो. तेहतीस दरवाजे. मोठे सर पुन्हा तासावर आले. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी. मूळ अंदाज 372 कोटींचा, तो पुढे 18,000 कोटींच्या वर गेला, आणि कालव्यांची कामं चालूच. नांदेडचे सर 1988 चेच. "माझंही बजेट असंच वाढलं," ते म्हणाले.

मग प्रश्न निघाला की हे पाणी जातं कुठे. वैनगंगा वर्ध्याला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. "म्हणजे आमच्याच घरचं पाणी!" नांदेडच्या सरांना भरून आलं. सोलापूरची भीमा कृष्णेत जाते आणि कृष्णाही त्याच समुद्रात, त्यामुळे मॅडमचं नातं चुलत लागलं. तिघं बंगालच्या उपसागराचे नातेवाईक निघाले. अरबी समुद्राचा असा मी एकटा.

मी शेवटचा पत्ता टाकला. "पण ढग? ते तर अरबी समुद्रावरून आमच्या डोक्यावरून येतात. मुळात पाणी आमचंच."

"तुमचे ढग सह्याद्रीतच रिते होतात," मोठे सर म्हणाले. "आमचा जोरदार पाऊस बंगालकडून येते. पाणी थिकडून येते, थिकडंच जाते."

बसमध्ये मॅडमनी अहवाल लिहिला. ठिकाणाच्या रकान्यात काय लिहावं यावर बैठक झाली. शेवटी 'समुद्रकिनारा, नियोजित' असं ठरलं. मोठ्या सरांनी सही केली, आणि गोसीखुर्दच्या कालव्यांच्या शेजारी आमचा बीचही कागदावर कायमचा मंजूर झाला.