कुशल असल्याचा दाखला

२० वर्षे ओळंबा धरून भिंती उभ्या करणाऱ्या गवंड्याला भिंत बांधता येते काय, हा प्रश्न २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेमुळे शासनाला अधिकृतपणे पडला, आणि त्याच्या निराकरणासाठी पूर्वकौशल्य-मान्यता, म्हणजे काम करता करता अंगी आलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत, योजनेत समाविष्ट झाली. अल्पशा उजळणीनंतर परीक्षक येतो, गवंडी नवेकोरे हेल्मेट घालून विटांचा थर रचून दाखवतो, छायाचित्र निघते आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात, म्हणजे शिक्षण व कौशल्य यांच्या पातळ्या एकत्र ठरवणाऱ्या २०१३ च्या चौकटीत, त्याच्या कौशल्याला रीतसर पातळी मिळते. जेथे भरतीसाठी कागदच लागतो, तेथे हा दाखला उपयोगी पडतोही. परंतु मजूर नाक्यावरचा ठेकेदार कागदाऐवजी हातावरचे घट्टे पाहतो आणि कुशल-अकुशल अशा किमान वेतनाच्या श्रेणींची तमा न बाळगता नाक्याचा चालू भाव सांगतो. तात्पर्य, या पात्रतेने प्रशिक्षण संस्थेचे, मूल्यमापन संस्थेचे आणि लॅमिनेशनवाल्याचे उत्पन्न निश्चितपणे वाढते. गवंड्याची मजुरी हा विषय मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा समजला जातो.