नवोदितांची विज्ञानकथा

ज्या कथेतून विज्ञान वजा केले असता कथाच उरत नाही ती विज्ञानकथा, ही व्याख्या नवोदित लेखकांना तत्त्वतः मान्य असते. मात्र त्यांच्या कथेतून विज्ञान वजा केल्यास सासू, सून आणि वाड्याची वाटणी एवढे सारे सुखरूप शिल्लक राहते, कारण मंगळावर नेलेले ते कुटुंब मुळात सदाशिव पेठेतून हललेलेच नसते. प्रकाशवर्ष, म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटरचे अंतर, या कथांत बिनदिक्कत काळ मोजण्यासाठी वापरले जाते आणि चूक दाखवणाऱ्याच्या कल्पनाशक्तीविषयी शंका घेतली जाते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, ती नावाला नव्हे तर कथेला गुण मिळावेत म्हणून. आजच्या नवोदिताला नाव ठळक हवे असते, कथेबाबत मात्र परीक्षकांनी उदार राहावे अशी त्याची अपेक्षा असते. इतरांचा प्रभाव नको म्हणून तो पूर्वसूरींना वाचत नाही, परिणामी त्याच्यावर केवळ हॉलिवूडचा प्रभाव पडतो. आधी वाचन, मग अंतराळयान, हा क्रम त्याने पाळावा.