मुक्तिसर

मुक्तिसरांना चहाला बोलवायचं असेल तर आधी कॉम्प्युटरवर चादर टाकावी, हे नांदेडच्या तरोडा नाक्यापासून वजिराबादपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. चहा उकळेपर्यंत त्यांचा हात खिशातल्या पेनड्राइव्हकडं जातो. बशी खाली ठेवेस्तोवर आपल्या ओळखीचा निळा पडदा जाऊन जांभळा आलेला असतो आणि सर म्हणतात, "झालं. सुटलात."

कशातून सुटलो, हे विचारू नये. विचारलं की सर थेट १९४८ त जातात. "देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला. आपण? १७ सप्टेंबर १९४८. तेरा महिने उशिरा! आन् तुमचा कॉम्प्युटर अजून निजामातच हाय. कधीचा सांगायलो!"

सरांच्या हिशेबात विंडोज म्हणजे निजाम. अँटिव्हायरस म्हणजे रझाकार, कारण संरक्षण करतो म्हणून घुसतो आणि घरातलंच खातो. दरवर्षीचं नूतनीकरण ही लेव्ही. १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सचं कर्नेल लिहिणारा लायनस टोरवाल्ड्स मुक्तिसंग्रामातल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या पंक्तीतला. "विद्यापीठाला स्वामीजींचं नाव दिलंत, चांगलं केलंत. निदान संगणकाच्या प्रयोगशाळेला तरी लायनसचं द्या," असं सर विष्णुपुरीला फाटकाशी उभं राहून सुरक्षारक्षकाला सांगतात. तोही मान डोलावतो. त्याच्याकडं कॉम्प्युटर नाही, म्हणून तो निर्धास्त आहे.

उबुंटूच्या सीड्या पोस्टानं फुकट घरी यायच्या, ते २००५ ते २०११ हे दिवस म्हणजे सरांचा सुवर्णकाळ. परदेशी शिक्क्याची पाकिटं बघून पोस्टमन त्यांना दबकून असे. त्या काळात सरांनी एकाही लग्नात रोख आहेर केला नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी नवरदेवाच्या हातात सीडी पडायचीच. "हा आहेर नव्हं, हक्क हाय." त्या लग्नांतले बरेच संसार टिकले. सीड्यांचं काय झालं, ते विचारायची हिंमत सरांनाही होत नाही.

शनिवारी सर बहिणीकडं लातूरला जातात. लोहा, अहमदपूर, चाकूर अशा वाटेवरच्या प्रत्येक गावात त्यांचे मुक्त केलेले लोक आहेत आणि एसटी थांबली की ते खिडकीपासून तोंड फिरवतात. लातूरच्या भाच्यानं तर मामा यायच्या दिवशी लॅपटॉप मित्राकडं ठेवायचा नेम केलाय. नीटच्या सराव परीक्षांपेक्षा त्याला मामाची धास्ती जास्त.

पण लातूरला सरांचं नाव गाजलं ते बाजार समितीतल्या एका आडत दुकानानं. ऐन सोयाबीनच्या आवकेत मालक पोत्यांत अडकलेले होते, मुनीम चहा सांगायला गेला होता, तेवढ्यात सरांनी उरकलं. विंडोज काढलं मात्र नाही, शेजारी लिनक्स बसवलं. या शेजारशेजार नांदणाऱ्या प्रकाराला सर 'राजप्रमुख' म्हणतात. "निजाम हरला, पण गेला का? २६ जानेवारी १९५० पासून हैदराबादचा राजप्रमुख तोच, थेट १९५६ पर्यंत! तसंच हे. हरलेला, पण बसलेला."

राजप्रमुखानं सूड घेतला तो घड्याळातून. यंत्राच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतो. विंडोज तीच वेळ लातूरची समजतो आणि साडेपाच तास मागं पडतो. दुपारी चारला निघालेल्या पट्टीवर सकाळचे साडेदहा छापले जाऊ लागले. एक शेतकरी पट्टी घेऊन परत आला. "मालक, साडेदहाला तर मी औशातच होतो की. माझा माल इकलाच कुणी?"

मालकांनी सरांना फोन लावला. "सर, आमाला मुक्ती नको बगा. टॅली पायजे. काढून टाका तुमचं ते."

"येत्या शनिवारी काढतो," सर म्हणाले. शनिवारपर्यंत धीर धरील तो मुनीम कसला? त्याच्या पुतण्यानं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, अनोळखी दिसलेला भाग उडवला, "बघा काका, केवढी जागा मोकळी झाली" म्हणाला आणि यंत्र बंद करून चालू केलं. काळा पडदा. त्यावर फक्त 'ग्रब रेस्क्यू'. रेस्क्यू म्हणजे सुटका, एवढं मुनिमाला ठाऊक होतं. कुणीतरी निघालंय अशा समजुतीनं तो दुपारभर पडद्यासमोर वाट बघत बसला.

निघाले होते ते सरच. नांदेडहून, रजा टाकून. आल्या आल्या त्यांनी पुतण्याला समोर बसवलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांची जागा असते. त्यातले ४४६ यंत्र चालू करणाऱ्या कोडाचे, ६४ कुठला भाग कुठं आहे त्या तक्त्याचे आणि उरलेले २ शिक्क्याचे. ग्रब म्हणजे लिनक्सचा दरवान. त्याचा छोटा तुकडा तिथं देवडीवर बसतो, बाकी सगळा बाडबिस्तारा लिनक्सच्या वाड्यात. "तू वाडा पाडलास, देवडीवाला तसाच ठेवलास. आता तो कुणाला विचारून दार उघडणार? राज्य बदलताना आधी गादी ठरवायची, मग वाडे पाडायचे."

नव्या यूईएफआयच्या यंत्रांतही क्रम हाच, हे त्यांनी न विचारता सांगितलं. आधी डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली लिहून हाताशी ठेवायची, मग बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आणायचा, विंडोज नीट उघडतंय याची खात्री करायची आणि त्यानंतरच लिनक्सचे भाग आणि ईएफआय विभागातलं त्याचं फोल्डर पुसायचं. पुतण्या वहीत लिहून घेत होता. मालक घड्याळ बघत होते, भिंतीवरचं.

मग सरांनी पिशवीतून विंडोज सातची डीव्हीडी काढली. मुक्तिसरांच्या पिशवीत निजामाची डीव्हीडी! दुरुस्तीच्या खिडकीत त्यांनी 'बूटरेक', जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'फिक्सएमबीआर' अशी ओळ टाइप केली, यंत्र पुन्हा चालू केलं आणि टॅली उघडून दिलं. "निजाम हरवायला ऑपरेशन पोलोला पाच दिवस लागले, १३ ते १७ सप्टेंबर. निजाम परत बसवायला एक ओळ पुरते," म्हणाले आणि घड्याळ साडेपाच तास पुढं करून निघाले. चहासुद्धा घेतला नाही. सुटकेचा नि:श्वास टाकला तो मालकांनीच.

तेव्हापासून सरांना बोलावणी येतात ती काढण्याचीच. श्रीलिपीचं डोंगल चालत नाही म्हणून डीटीपीवाला बोलावतो, अंगठ्याचं यंत्र ओळखत नाही म्हणून सेवा केंद्रवाला. ज्यांच्याकडं सर कधी फिरकलेही नाहीत, तेही बोलावतात, कारण दुकानातला माणूस सगळी डिस्क पुसून मोकळा होतो. सर आधी लेकराबाळांचे फोटो, सातबारे, लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडं उतरवून घेतात आणि मगच हात लावतात. पैसे घेत नाहीत. आपल्या हातानं उभारलेलं आपल्याच हातानं काढायचं आणि समोरच्याचं कागदाचं चिटोरंही हरवू द्यायचं नाही, हे मला कुठल्याही पक्षाच्या मुक्तिदात्याकडून पाहायला मिळालेलं नाही. हे त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही. पेनड्राइव्ह निघेल.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. तेव्हा कचेऱ्यांतून भंगारात निघालेली यंत्रं सरांनी उचलली आणि लोह्याकडच्या एका खेड्याच्या वाचनालयात मांडली. तिथं निजाम नव्हताच, त्यामुळं काढा म्हणायला कुणी आलं नाही. मुलं लिनक्सवरच वाढली. परवा ग्रामपंचायतीनं तिथं विंडोजचं कोरं यंत्र दिलं, आणि आठवडा झाला नाही तोच सरांना फोन. "सर, हे काय बसवलंय? आमचं मूळचं टाकून द्या की."

सर धावत गेले. पेनड्राइव्ह लावला, विंडोज पुसायचा पर्याय निवडला, बोट एंटरवर टेकलं. तेवढ्यात एका मुलीनं हात धरला. "पुरतं पुसू नका, सर. एमएससीआयटीला लागतंय."

सरांनी बोट उचललं. तेरा महिन्यांचं भाषण झालं नाही. मुक्तिसरांनी स्वतःहून राजप्रमुख नेमला, तोही एका आठवीतल्या पोरीच्या हुकमावरून, आणि उठण्याआधी दोन्ही राज्यांची घड्याळं मिळवून दिली.