अल्बममधल्या त्या चौघांचे काय झाले, साहेब?

माननीय तपास अधिकारी साहेबांच्या सेवेशी,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. लोक संतापले होते, त्यांना आरोपी हवे होते. ते आपण हजर केलेत. जालना जिल्ह्यातले सहा जण, भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर.

माणसांची पारख असावी तर आपल्यासारखी! ज्यांच्यासाठी आमदाराचा फोन येत नाही की मोठा वकील ठाण्याची पायरी चढत नाही, नेमकी तीच माणसे आपल्या हाती लागली. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला म्हणे. आपण मात्र तो जिवापाड जपलात, याबद्दल भटक्यांच्या पालापालांतून आपल्याला दुवा मिळत असेल.

पण खरे आभार मानायचे आहेत ते ७ जूनच्या त्या कागदाबद्दल. दरोड्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. हल्ल्यातून वाचलेल्या जखमी बाईपुढे पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा फोटो अल्बम धरला. घरची माणसे डोळ्यांदेखत गेलेली, अंगावरच्या जखमा ताज्या. तशा अवस्थेत तिने फोटो पाहिले आणि चौघे ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाबही झाला. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते.

एखाद्या नवख्या फौजदाराने त्या चौघांना शोधायला रात्रीतून गाड्या पिटाळल्या असत्या. आपण अनुभवी. चौघांना अटक नाही, त्यांच्यावर दोषारोपपत्र नाही, त्यांना का वगळले याचा खुलासाही नाही. पुढे रीतसर ओळख परेड झाली, कोर्टात बोटे या सहा जणांकडे वळली आणि आपल्या दफ्तरी गुन्ह्याची उकल झाली.

आपल्या फाइलीचा दबदबा काय सांगावा! २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. तीन न्यायालये झाली, सरकारी वकील उभे राहिले, बसले. अल्बममधल्या चौघांचे काय झाले, या साध्या प्रश्नावर मात्र खटला अडला नाही. तेव्हा श्रेय एकट्याने घेऊ नका, साहेब. ते वाटून घ्यायला काळे कोट पुष्कळ आहेत.

सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे मागाहून सिद्ध झाले. त्यालाही आपण फाशीच्या कोठडीपर्यंत सुखरूप पोचवलेत. तिथे ना पॅरोल, ना फर्लो. बाहेर बूट वाजले की आज आपली पाळी का, एवढाच विचार. मिसरूड फुटण्याच्या वयात असे वर्षानुवर्षे जगायला लावण्याइतकी कृपा कोण कोणावर करतो?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. तुरुंगातल्या सोळा वर्षांच्या हिशेबाने दिवसाला साधारण शहाऐंशी रुपये पडतात. त्या वर्षी रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यालाही दोनशेच्या वर मजुरी होती. आपल्या खिशाला मात्र एका रुपयाची तोशीस पडली नाही. भरपाई सरकारी तिजोरीतून गेली, म्हणजे आमच्याच करातून. तीही मनापासून दिली, असे समजा.

गरीब भटक्यांना अशा गंभीर गुन्ह्यांत गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे त्या निकालात न्यायालयानेच म्हटले आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयाला हे लिहावे लागावे, ही आपल्या सेवेला मिळालेली केवढी मोठी पावती!

आता उपचार पुरे झाले, साहेब. त्या झोपडीत पाच माणसे मेली आणि त्यांच्या खुनाचा तपास त्या बाईने फोटो ओळखले त्याच दिवशी थांबला. सहा निरपराधांना फासाच्या दोरापर्यंत नेलेत, त्याबरोबर जिने खरे सांगितले तिचाही शब्द मातीत घातलात. ज्यांनी मारले ते मोकळे राहिले. सोळा वर्षांनी पुरावा कुठे शोधायचा, साक्षीदार कुठून आणायचे?

ज्यांच्या हलगर्जीमुळे खरे गुन्हेगार सुटले ते अधिकारी शोधून, सेवेत असतील तर त्यांच्यावर कारवाई करा, असे न्यायालयाने राज्याच्या गृह खात्याला बजावले आहे. निवृत्तीचा मुहूर्त आपण वेळेवर गाठला असेल, तर त्याबद्दलही अभिनंदन.

एक विनंती तेवढी राहिली. तो जबाब कोणी बाजूला सारला, कोणाच्या सांगण्यावरून सारला आणि अल्बममधले ते चौघे तेव्हा कुठे होते, हे आपण लेखी कळवावे. उत्तर मला नको. ते त्या बाईला आणि त्या सहा जणांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे.

कळावे,
आपल्याच राज्यातला एक नागरिक