अध्यापनाचं लेखाशीर्ष

महाविद्यालयातलं अध्यापन सुधारायचं तर आधी अध्यापकाला वर्गाबाहेर काढावं लागतं, हे आपल्या उच्च शिक्षणानं फार लवकर ओळखलं. 1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठांतून ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेजं’ निघू लागली. कालांतरानं त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली. 2014 च्या डिसेंबरात पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावे शिक्षकांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू झालं आणि 2023 च्या शिक्षक दिनी ही केंद्रंही मालवीयांच्याच नावे झाली. देशभरात 111 केंद्रं, आणि प्रशिक्षित करायचे शिक्षक 15 लाख. पाटी रंगवणाऱ्याचं अध्यापन यात निश्चितच सुधारलं असणार.

जेवणानंतरचं सत्र मात्र कोणत्याही पाटीखाली तेच राहिलं. बाहेरगावचे तज्ज्ञ येतात, शाल-श्रीफळ होतं, परिचयात त्यांच्या पुस्तकांची यादी वाचली जाते. मग व्याख्यानपद्धती कशी कालबाह्य झाली आहे यावर ते सलग दोन तास व्याख्यान देतात. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. मागच्या रांगेतले प्राध्यापक पेंगत असतात आणि त्यांना पेंगताना पाहून आपले विद्यार्थी प्रथमच कळतात, हा या प्रशिक्षणाचा खरा लाभ; पण तो अहवालात लिहायला रकाना नाही.

या केंद्रांतल्या रिफ्रेशर कोर्सला कुणी शिकवणं सुधारायला जातं, असा गैरसमज नवख्यांचाच असतो. तिथं जायचं ते पदोन्नतीच्या स्थाननिश्चितीसाठी. सहसंचालक कार्यालयात फाइल गेली की बाकी सगळं ठीक असून ‘एक रिफ्रेशर कमी’ एवढ्या शेऱ्यावर ती परत येते. माणूस वीस वर्षं उत्तम शिकवत असेल, त्याच्या तासाला दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन बसत असतील. त्याचं प्रमाणपत्र कुठून आणणार? यूजीसीच्या 2010 च्या नियमांनी एपीआय हा कामगिरीचा गुणांक आणला, तेव्हा अध्यापनाचे गुण ज्याचे त्यानंच भरायचे होते. अख्ख्या महाराष्ट्रात एकही वाईट शिक्षक शिल्लक राहिला नाही. मग 2020 ची टाळेबंदी आली आणि प्रमाणपत्रांचा पूर आला. सकाळी वनस्पतिशास्त्राची प्रश्नमंजुषा, दुपारी ताणतणाव व्यवस्थापन, संध्याकाळी बौद्धिक संपदा हक्क. चाळीस टक्के मिळाले की ई-प्रमाणपत्र मेलवर, आणि चाळीस मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवायची सोय. ज्ञानाची गंगा वाय-फायमधून वाहत होती आणि मराठीचे सर पॉलिमरवर प्रमाणित झाले.

सर प्रशिक्षणाला गेल्यावर वर्ग कोण घेतं? तासिका तत्त्वावरचे. सगळे ज्यांना सीएचबी म्हणतात ते. पीएचडी, सेट, नेट, सगळं असलेला हा प्राणी सकाळी एका गावात दोन तास घेतो आणि एसटीनं दुसऱ्या गावी पोचतो. अध्यापन सुधारण्याच्या कार्यक्रमाला त्याला कुणी बंदी केलेली नाही. फक्त पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात, त्यामुळे सुधारायला गेला तर तेवढ्या तासांचे बुडतात. आणि सुधारून आला तरी स्थाननिश्चिती नाही, कारण मुळात स्थानच नाही. पूर्वी यूजीसीच्या एफआयपी योजनेत पीएचडीला जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक नेमायला पैसे मिळत. हल्ली तेही लागत नाहीत. रिक्त जागांवर इतके बदली शिक्षक आहेत की बदलीला बदली आपोआप मिळतो. थोडक्यात, शिकवण्याचा दर्जा ज्याचा वाढवला जातो तो वर्गात नसतो आणि जो वर्गात असतो त्याचा दर्जा कुठल्याच योजनेत बसत नाही.

आता अध्यापन सुधारण्यासाठी निधी मागायच्या प्रस्तावाकडे वळू, कारण हौशी लोक पत्र पाठवून विचारतात. प्रस्तावात ‘मुलांना विषय समजावा’ असं कधी लिहू नये. समजणं मोजता येत नाही. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन गृहस्थानं 1956 मध्ये आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. बिचाऱ्याचा एक हेतू परीक्षेत नुसती घोकंपट्टी विचारली जाऊ नये हा होता. त्याच्या पायऱ्यांना जोडून क्रियापदांच्या ज्या याद्या निघाल्या त्या आपल्याकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या, भिंतीवर लागल्या, आणि अभ्यासक्रमाची निष्पत्ती त्या यादीतलं क्रियापद घेतल्याशिवाय लिहिता येईना. ‘विद्यार्थी ज्ञानेश्वरीचे विश्लेषण करेल, मूल्यमापन करेल व निर्मिती करेल.’ ज्ञानेश्वरीची निर्मिती! तृतीय वर्षाला, चार श्रेयांकांत! पुढे अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीची पदवीच्या निष्पत्तीशी सांगड घालायची, एक, दोन, तीन असे आकडे टाकायचे आणि एक्सेलकडून सरासरी काढून घ्यायची. ती 2.3 यावी. तीन आली तर समिती संशय घेते, दोनच्या खाली आली तर प्राचार्य.

हे सगळं कुणासाठी, तर महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी. नॅकच्या 1000 गुणांच्या मूल्यांकनात संलग्न महाविद्यालयांना 350 गुण एकट्या अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाचे असत, म्हणजे सर्वांत मोठा निकष तोच. त्यामुळे मूल्यांकनाच्या वर्षी प्राध्यापक तास सोडून अध्यापनाचे पुरावे गोळा करत बसत. तास घेतला तर पुरावा तयार होत नाही. तासाचा जिओ-टॅग फोटो घेतला तर होतो.

प्रस्ताव मंजूर झाला की खरी परीक्षा. 2013 साली उच्च शिक्षणाला निधी देणारी रुसा योजना आली, 2023 साली तिची पीएम-उषा झाली. केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस टक्के, एकूण तरतूद सुमारे 12,926 कोटी. निवडक विद्यापीठांना शंभर-शंभर कोटी. आकडा मोठा दिसतो. पण पैसा महाविद्यालयाच्या खात्यात उतरेपर्यंत मार्च एण्ड दारात उभा असतो, आणि अध्यापन ही काही पंधरा दिवसांत खरेदी करता येणारी वस्तू नाही. इंटरॅक्टिव्ह बोर्ड आहे. म्हणून अध्यापन म्हणजे बोर्ड. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, खरेदी समिती, जडवस्तू नोंदवही, मग जीएफआर 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रातली ‘उपयोगिता’ पैशांची असते, बोर्डाची नव्हे. तो कुलपात राहील. चावी विभागप्रमुखांकडे, आणि विभागप्रमुख रिफ्रेशरला.

बोर्डावर जे दाखवायचं त्याची फुकट आवृत्ती जगात आहे. कार्ल वायमन यांना 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 2002 मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प उभारला. विजेची मंडलं, लंबक, रासायनिक अभिक्रिया संगणकावर प्रत्यक्ष करून पाहायच्या, मोबाइलवरही चालतात, पैसा लागत नाही. आपल्या खरेदी समितीला मात्र तो प्रकल्प नीटसा पटत नाही. फुकट वस्तूची तीन कोटेशनं कुठून आणायची?

वायमन महाशयांचं दुसरं खूळ तर आणखी विचित्र. कोलोरॅडोत आणि नंतर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अध्यापन सुधारायचा पैसा थेट विभागांना दिला. त्यातून विषय जाणणारी तरुण माणसं नेमली, आणि ती प्राध्यापकाच्या बरोबर त्याच्याच अभ्यासक्रमावर बसली. मुलं नेमकी कुठं अडतात हे बघायचं, तास बदलायचा, पुन्हा बघायचं. प्राध्यापक वर्गात, मदतनीस वर्गात, पैसासुद्धा वर्गात! ना उद्घाटन, ना दीपप्रज्वलन. हे काम वर्षानुवर्षं चाललं. एका आर्थिक वर्षात न बसणारी गोष्ट आपल्या लेखापालाला समजावून दाखवा, मग मी वायमनना दुसरं नोबेल मिळवून देतो.

आपल्याकडे शेवटी अहवाल लागतो. प्रकल्पापूर्वीची चाचणी अवघड काढावी, नंतरची सोपी. वाढ आपोआप दिसते. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करू नये. विद्यार्थ्यांचा अभिप्राय गुगल फॉर्मवर घ्यावा आणि ‘अतिशय चांगले’, ‘उत्तम’, ‘सर्वोत्तम’ असे तीनच पर्याय ठेवावेत. शेवटी ‘इतर सूचना’ हा रकाना चुकूनसुद्धा ठेवू नये. एका महाविद्यालयात तो राहून गेला होता, आणि बी.ए.च्या मुलांनी ओळीनं एकच सूचना केली होती: ‘खोली नंबर बारामधला पंखा दुरुस्त करा.’ समन्वयक अनुभवी होत्या. त्यांनी अहवालात नोंदवलं की तंत्रज्ञानाच्या वापराबाबत विद्यार्थ्यांच्या अपेक्षा लक्षणीय वाढल्या आहेत; सबब दुसऱ्या हप्त्यात आणखी एक बोर्ड मंजूर व्हावा. पंख्यासाठी त्यांनी वेगळं पत्रही दिलं होतं. ते परत आलं. अध्यापन सुधारणेत पंख्याचं लेखाशीर्ष नव्हतं.